हक्काचा दावा कोणावर?

मानवी हक्क म्हणजे माणसाला केवळ माणूस म्हणून करता येणारा दावा. तो मिळवण्यासाठी जात, धर्म, मालमत्ता, शिक्षण किंवा सद्वर्तनाचा दाखला लागत नाही. पण दावा म्हटला की तो कोणावर तरी करावा लागतो. मानवी हक्कांवरील पाठ्यपुस्तके याचे उत्तर एका शब्दात देतात: राज्यसंस्थेवर. शासनाने छळ करू नये, विनाचौकशी डांबू नये, शाळा काढाव्यात, दवाखाने चालवावेत. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या कुलाब्याच्या, गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात हक्क नाकारणारे हात बहुतेक वेळा शेजाऱ्याचे, गावकऱ्याचे आणि दुकानदाराचे होते. शासनाचा कागद हक्क देऊन मोकळा झालेला असे आणि पाणवठ्यावर मात्र माणूस माणसाला अडवत असे. हक्क आणि व्यक्तीची जबाबदारी यांचे नाते तपासायला म्हणून या जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. ४८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधात कोणीही गेले नाही. पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून ‘सर्व माणसे’ असा निःसंदिग्ध उल्लेख झाला, तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. जाहीरनाम्याची ३० कलमे आहेत आणि त्यांतली जवळजवळ सगळी हक्कांविषयी आहेत. शेवटून दुसरे, २९ वे कलम मात्र वेगळे आहे. व्यक्तीचे व्यक्तिमत्त्व समाजात राहूनच फुलते, म्हणून त्या समाजाप्रति तिची कर्तव्येही आहेत, असा त्याचा आशय आहे. हे कलम सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवले गेले, आणि हा क्रम फार महत्त्वाचा आहे. कर्तव्य केले तरच हक्क मिळेल, असे जाहीरनामा म्हणत नाही. हक्क आधीच दिलेले आहेत. ते जगता यावेत म्हणून माणसांनी एकमेकांसाठी काय करायचे, एवढेच तो शेवटी सांगतो.

जाहीरनाम्याची तयारी चालू असताना युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सली यांनी महात्मा गांधींचे मत मागवले होते. मे १९४७ मध्ये गांधीजींनी थोडक्यात उत्तर पाठवले. नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच टिकाऊ हक्क उभे राहतात, आणि ही शिकवण आपल्याला आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून मिळाली, असे त्यांनी कळवले. या भूमिकेला नैतिक वजन आहे, कारण ती मांडणाऱ्याने आयुष्यभर आधी स्वतःवर जबाबदारी घेतली होती. पण हेच वाक्य जमीनदार कुळाला ऐकवू लागला किंवा सवर्ण अस्पृश्याला ऐकवू लागला, तर त्याचा अर्थ पार उलटतो. ज्याच्यावर आधीच कर्तव्यांचा डोंगर लादला आहे आणि ज्याला हक्क एकही नाही, त्याला आणखी कर्तव्य करायला सांगणे म्हणजे त्याची गुलामी लांबवणे होय. म्हणून कर्तव्याची भाषा कानावर पडली की पहिला प्रश्न विचारायला हवा: कोण कोणाला सांगत आहे?

हा प्रश्न याच जिल्ह्यातल्या महाडमध्ये विचारला गेला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे मंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वापरता यावेत, असा तो ठराव होता. सरकारने तो आपल्या सर्व खात्यांना कळवला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये स्वतंत्र ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे कायदे मंडळ झाले, सरकार झाले, नगरपालिकाही झाली. वरपासून खालपर्यंत हक्क दिला गेला. आणि तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी एकाही अस्पृश्य माणसाला पिता आले नाही. तळ्यावर पोलीस नव्हते, मनाईचा हुकूम नव्हता, कुंपणही नव्हते. पाणी अडवणारी गोष्ट होती ती काठावर राहणाऱ्या माणसांची नजर, आणि त्या नजरेमागे असलेली मारहाणीची व बहिष्काराची धमकी.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती घडवून आणण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, सोशल सर्व्हिस लीगमधले अनंत विनायक चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण कार्यकर्ते सोबत होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली आणि लोक ते पाणी प्यायले. थोड्याच वेळात, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. परतीच्या वाटेवरच्या, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला. अनेक जखमी झाले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांसोबत लढण्याची तयारी असलेली शेकडो माणसे होती. पण बाबासाहेबांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही.

या दिवसाकडे हक्काच्या दृष्टीने पाहिले की तीन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या दिसतात. पहिली हक्कधारकाची: मिळालेला हक्क वापरण्याची. तो वापरला नाही तर कागद पिवळा पडतो आणि पुढच्या पिढीला तो हक्क होता याचा पत्ताही राहत नाही. दुसरी, ज्याच्या वाट्याला विशेषाधिकार आले आहेत त्याची: टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे यांनी आपल्या जातीच्या रोषाची पर्वा न करता ती उचलली. तिसरी संयमाची: मार खाणाऱ्याने, मारण्याची ताकद असताना, ती न वापरण्याची. या तिसऱ्या जबाबदारीची किंमत सर्वांत जास्त होती, आणि ती चुकती करावी लागली त्यांना, ज्यांच्यावर अन्याय झाला होता. इतिहासात हे वारंवार घडते आणि त्यात न्याय आहे असे म्हणता येत नाही.

गावाने नंतर गोमूत्र-शेण घातलेल्या पाण्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबर १९२७ रोजी परिषद भरली. बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली, आणि परिषदेने हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. सहस्रबुद्ध्यांच्या ठरावानुसार त्याच रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. पॅरिसच्या जाहीरनाम्याला अजून एकवीस वर्षे अवकाश होता. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक मैदान मिळेना म्हणून एका मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवरच्या मांडवात, माणसाच्या समान हक्कांची सनद लिहिली गेली, ही गोष्ट मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकांत जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

त्यानंतर जे झाले ते या विषयासाठी तितकेच मोलाचे आहे. हजारो माणसे तळ्यावर जाण्याच्या तयारीने आली होती. समोर न्यायालयाचा हुकूम होता. तो अन्याय्य वाटत असूनही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि परिषदेने तो मानला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून गेली, पाण्याला कोणी हात लावला नाही. पुढची लढाई न्यायालयात झाली. खालच्या दोन्ही न्यायालयांत निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आधार होता. एक घोट पाण्यासाठी दहा वर्षे गेली. ती दहा वर्षे कायद्याचा मार्ग न सोडणाऱ्या माणसाने पुढे देशाची राज्यघटना लिहिण्याच्या कामाचे नेतृत्व केले.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली: मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, मुलांना शिकवा. वरवर पाहता हा कर्तव्याचाच उपदेश. पण त्याची दिशा वेगळी होती. महार वतनाने ठरवून दिलेली कामे, म्हणजे मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल पायी पोहोचवणे, गावात मर्तिकाचा निरोप सांगत फिरणे, ही सगळी ‘कर्तव्ये’ होती आणि त्यांचा मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागायची भाकर मिळे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी कायदे मंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने कायद्याने संपुष्टात आली ती १९५८ मध्ये. लादलेले कर्तव्य सोडणे हीच तिथे माणसाची स्वतःविषयीची जबाबदारी होती. कर्तव्य आणि जबाबदारी यांतला हा फरक नजरेआड झाला की हक्कांवरची सारी चर्चा भरकटते. कर्तव्य दुसरा लादू शकतो. जबाबदारी समजून उमजून स्वीकारावी लागते, आणि ती स्वीकारायला माणूस आधी मोकळा असावा लागतो.

याच जिल्ह्यात खोतांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांनी हा फरक आपल्या रीतीने ओळखला. अलिबागजवळच्या चरी परिसरात १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी कसणेच थांबवले. हा संप सुमारे सहा वर्षे टिकला. शेतकऱ्याने शेत पडीक ठेवणे ही त्याच्या लेखी सर्वांत जड गोष्ट. तरीही खोताला पीक पोचवण्याचे ‘कर्तव्य’ आणि पोराबाळांच्या तोंडी घास घालण्याची जबाबदारी यांत त्यांनी दुसरी निवडली. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कायदे मंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

महाडचा अनुभव राज्यघटनेत उतरला आहे आणि तो कुठे उतरला हे बोट ठेवून दाखवता येते. बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेच्या विरोधात आहेत. कलम १५ चा दुसरा भाग मात्र व्यक्तीला उद्देशून आहे. दुकाने, उपाहारगृहे, तसेच शासनाच्या पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते वापरण्यात कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने निर्बंध येणार नाही, असे ते सांगते. तलाव हा शब्द त्या यादीत आहे. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि तिचे पालन गुन्हा ठरवते. हा गुन्हा शासन करत नाही, माणसे करतात. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, म्हणजे आजचा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, आणि १९८९ चा अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक अधिनियम हे त्याच धाग्यातले. जगातल्या अनेक संविधानांत हक्काची बाजू नागरिक विरुद्ध शासन अशीच आहे. भारताच्या घटनेने शेजाऱ्यालाही हक्काच्या व्यवहारात पक्षकार केले. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी हेच सूत्र मांडले होते: हक्कांचे रक्षण कायद्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, समाजाच्या नैतिक विवेकावर अवलंबून असते, आणि समाजच विरोधात गेला तर कोणताही कायदा हक्क वाचवू शकत नाही.

मूलभूत कर्तव्ये घटनेत आली ती मात्र अगदी वेगळ्या हवेत. स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर ४२ व्या दुरुस्तीने कलम ५१-क घालण्यात आले, आणि ही दुरुस्ती १९७६ सालची आहे. देशात आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. विरोधी पक्षांचे नेते आणि हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला दाद मागता येणार नाही, असा निकाल बहुमताने दिला होता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. हक्क स्थगित करून कर्तव्यांची यादी देणे, हा क्रम उलटा होता. त्या कर्तव्यांतला मजकूर वाईट नाही. पर्यावरण जपावे, वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवावा, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, यांवर कोणाचा आक्षेप असणार? २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने त्यात मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे कर्तव्य जोडले, आणि ते मुलाच्या शिक्षणहक्काच्या सोबतीने आले, म्हणून ते नीट बसले. प्रश्न मजकुराचा नाही. वरून खाली सांगितलेले कर्तव्य आणि आडव्या अंगाने, माणसाने माणसासाठी उचललेली जबाबदारी, यांत सत्तेचा फरक आहे.

याच जिल्ह्यातल्या पनवेलकरांना हा फरक जमिनीच्या रूपाने कळला. मार्च १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या. मुंबईची गर्दी कमी व्हावी, हा हेतू सार्वजनिक होता. त्यासाठी भातशेती, मिठागरे आणि खाडीकाठ सोडण्याचा त्याग मात्र येथल्या आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांनी करायचा होता, आणि मिळणारा मोबदला जुन्या दराने ठरत होता. राष्ट्रासाठी त्याग करणे हे कर्तव्य आहे, असे त्यांना सांगितले गेले. ज्या शहराला त्याचा लाभ होणार होता, त्याला मात्र कसलेही कर्तव्य सांगितले गेले नाही. जासईचे दि. बा. पाटील, पेशाने वकील, पनवेलचे अनेकदा आमदार आणि पुढे खासदार, यांनी या एकतर्फीपणाविरुद्ध शेतकऱ्यांना उभे केले. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व आले: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित भूखंड म्हणून मूळ मालकाला परत. विमानतळासाठी उठवलेल्या गावांना पुढे साडेबावीस टक्क्यांची योजना लागू झाली.

या तत्त्वाचे महत्त्व आकड्यापेक्षा मोठे आहे. ज्या विकासासाठी एकाने त्याग केला त्यात त्याचा वाटा राहिला पाहिजे, असे या तत्त्वाने ठरवले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने देशभरासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास, पुनर्वसन आणि खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारी प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती या अटी घातल्या. आज नव्या शहरात सदनिका घेऊन राहणाऱ्या माणसाने या इतिहासाची जाण ठेवावी, ही अपेक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. पण सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या गावठाणाला ‘अतिक्रमण’ म्हणून हिणवले जाते तेव्हा ती न पाळलेली जबाबदारी उघडी पडते.

आणि मग वाळीत. रायगड जिल्ह्याच्या नावाला जोडल्या गेलेल्या या प्रथेत मूळ प्रश्नाची गाठ सर्वांत घट्ट आहे. गावकीच्या पंचांनी एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, की त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, दुकानदाराने सामान द्यायचे नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यायचे नाही, लग्नाला बोलवायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. बोलणाऱ्यालाही दंड. कारणे कोणती? गावकीच्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणे, जातीबाहेर किंवा पंचांच्या मर्जीबाहेर लग्न करणे, उत्सवाच्या वर्गणीवरून वाद, पंचांनी ठोठावलेला दंड न भरणे, आणि कधीकधी नुसते पोलिसांकडे जाणे. २०१० नंतरच्या दशकात अशा तक्रारी जिल्ह्यातून मोठ्या संख्येने बाहेर आल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जात पंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली, आणि वाळीताची अनेक प्रकरणे त्यातून लोकांसमोर आली.

निवडणूक लढवणे, जोडीदार निवडणे, धर्म पाळणे किंवा न पाळणे, पोलिसांत तक्रार देणे हे सगळे घटनेने दिलेले हक्क आहेत. वाळीतात शासन यांतला एकही हिरावत नाही. हक्क वापरणाऱ्याला शेजारी शिक्षा करतात, आणि तीही फक्त न बोलून, न देऊन, न येऊन. हल्ला झाला तर जखम दाखवता येते. गिरणीवाल्याने ‘आज मोटार बंद आहे’ म्हटले तर काय दाखवणार? वाळीताची सारी ताकद अशा शेकडो छोट्या नकारांत आहे, आणि त्यांतला प्रत्येक नकार एका माणसाचा स्वतःचा असतो. तो बहुतेकदा दुष्टपणाने येत नाही, भीतीने येतो. उद्या आपल्यावरच पाळी येईल, या धास्तीने लहानपणापासूनचा मित्र तोंड फिरवतो. या भीतीची कीव यावी हे खरे, पण तिच्यामुळे जबाबदारी संपत नाही. गावातल्या दहा घरांनी बोलणे चालू ठेवले तर वाळीत टिकत नाही, एवढे या प्रथेचे गणित साधे आहे.

या प्रथेवर कायद्याचा पहिला प्रयत्न जुना आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृतीला मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी चालवण्याचा हक्क आहे आणि बहिष्कृती हा त्याचाच भाग, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले. सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांचे मत वेगळे होते: बहिष्कृती माणसाचे नागरी जीवनच उद्ध्वस्त करते, म्हणून ती निव्वळ धार्मिक बाब राहत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने वेगळी वाट घेतली. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम विधिमंडळाने २०१६ मध्ये एकमताने मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून अमलात आला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांसोबत बहिष्काराला मदत करणाराही या कायद्याने दोषी ठरतो.

कायदा आला म्हणून प्रथा गेली नाही. साक्षीदार गावातलेच, आरोपीही गावातलेच, आणि निकालानंतर सर्वांना राहायचे त्याच गावात. खटला उभा राहतो तो एखाद्या शेजाऱ्याने ‘होय, बैठक झाली, मी तिथे होतो’ असे सांगितले तर. कायद्याने त्या शेजाऱ्याच्या हाती एक हत्यार दिले आहे. ते उचलण्याचे धैर्य त्याला कलमातून मिळणार नाही. गावकी ही मुळात वाईट संस्था नव्हे, हेही येथे नोंदवायला हवे. पालखी, बांधबंदिस्ती, पाणवठ्याची साफसफाई, आजारपणातली मदत अशी कितीतरी सामाईक कामे तिने पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत. जबाबदारीची ती जिवंत शाळाच होती. पण ज्या गटात बाहेर पडण्याचा आणि विरोध करण्याचा हक्क नाही, तिथली जबाबदारी बघता बघता हुकमत बनते.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीची गोष्ट याच प्रश्नाचे आणखी एक रूप. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथली भटकी कुत्री निळ्या रंगाची झालेली दिसली, त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली, आणि रंग सोडणाऱ्या कारखान्यावर कारवाई झाली. नदीच्या प्रदूषणाचा मामला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले होते. वाळीतात दोषी शेजारी ओळखता तरी येतो; नदीच्या बाबतीत तोही दिसत नाही. शेकडो नळ एकत्र येतात आणि खाडीतल्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी होते. दोष सगळ्यांत विरघळतो. म्हणूनच येथे व्यक्तीच्या सदिच्छेवर भिस्त ठेवून चालत नाही. प्रक्रिया केंद्र चालू आहे का, नमुने घेतले जातात का, दंड वसूल होतो का, हे पाहणारी यंत्रणा लागते. मात्र त्या यंत्रणेतही नमुन्याच्या बाटलीवर खरी तारीख घालणारा एक कर्मचारी असतो, आणि खरा आकडा लिहिणारा एक रसायनशास्त्रज्ञ असतो.

वनहक्क कायद्याने हक्क आणि जबाबदारी ही दोन्ही टोके एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला आहे. पनवेल, कर्जत, खालापूरच्या डोंगरांतले कातकरी आणि ठाकूर पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलावर जगले, त्यावर २००६ च्या कायद्याने त्यांचा हक्क मान्य केला. त्याच कायद्याचे पाचवे कलम हक्कधारकांना आणि ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणलोट आणि जैवविविधता जपण्याचा अधिकार देते. जंगल राखणे हे तिथे आदिवासीवर लादलेले काम नाही. ते राखण्याची सत्ताच त्याच्या हाती दिली आहे. जबाबदारी सोपवायची तर तिच्यासोबत अधिकार सोपवावा लागतो, हे कायद्याच्या भाषेत इतक्या स्वच्छपणे क्वचितच आले असेल.

राहिला प्रश्न अनोळखी माणसाचा. महाडमध्ये, वाळीतात माणसे एकमेकांना ओळखतात. कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, किंवा पनवेलहून निघणाऱ्या गोवा महामार्गावर, अपघातात पडलेला माणूस कोणाचाच कोणी नसतो. त्याचा जगण्याचा हक्क पुढचा काही वेळ पूर्णपणे त्या मार्गाने जाणाऱ्यांच्या हाती असतो. जर्मनी आणि फ्रान्समध्ये शक्य असूनही मदत न करणे हा गुन्हा आहे. भारतात वाटसरूवर अशी सर्वसाधारण सक्ती नाही. ती आहे अपघातातल्या चालकावर, आणि १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यातील निकालानुसार डॉक्टर व रुग्णालयांवर. वाटसरू थांबत नसे यामागे बेफिकिरीइतकीच पोलीस ठाण्याची, कोर्टाच्या हेलपाट्यांची आणि रुग्णालयाच्या बिलाची धास्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार होणे हे त्याच्या इच्छेवर असते, जखमीला पोहोचवून तो लगेच निघून जाऊ शकतो, आणि मदत करणाऱ्याच्या या हक्कांची सनद रुग्णालयाने इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत प्रवेशद्वारापाशी लावायची असते.